सटीची पात

मार्गशीर्ष लागला की पंचवटीच्या भाजीबाजारात सकाळीच कांद्याच्या पातीचे भारे उतरतात. ओल्या गोणपाटावर जुड्या रचलेल्या, मुळांना काळी माती तशीच. पातीवर एक पांढुरकी साय असते. बोट लावलं की तिच्यावर खूण उमटते आणि खालचा खरा हिरवा रंग दिसतो. "सटीची पात घ्या, सटीची पात," असं बायका ओरडत असतात. चंपाषष्ठीला इकडे नुसतं सट म्हणतात. पुष्कळ घरांत आषाढापासून कांदा बंद असतो. या दिवशी खंडोबाला भरीत, बाजरीचा रोडगा आणि पातीचा कांदा दाखवतात आणि मग कांदा खायला मोकळे होतात. आमच्या घरात ही रीत नाही. आम्ही बौद्ध. आमचा कांदा बाराही महिने चालू असतो आणि खंडोबाचं आमच्यावाचून काही अडत नाही. तरीही पात दिसली की माझे पाय थांबतात. परवा अशीच एक जुडी उचलून नाकाशी नेली, तर भाजीवाली म्हणाली, "ताई, वास घ्यायला ना नाय, पण जुडी खाली ठेवताना मोडू नका."

मी ती विकत घेतली. खोलीवर आणून टेबलावर, कागदांच्या शेजारी ठेवली. लिहायचं होतं दुसरंच काही. पण पातीचा वास असा की तो डोळ्यांत शिरायच्या आधी आठवणीत शिरतो. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचा तो हिवाळा टेबलावर येऊन बसला आणि उठेना.

तेव्हा आम्ही गंगापूर रोडच्या बाजूला एका जोडघरात राहायचो. एकाच मालकाची पाठीला पाठ लावून बांधलेली दोन बिऱ्हाडं, दोन-दोन खोल्यांची, आणि कडेला दोघांत मिळून एक मोकळी पट्टी. नाशिक तेव्हा तिथे जवळजवळ संपत होतं. पलीकडे शेतं, मळे, मधे बाभळी. बाबा ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर होते. पहाटे बसला जायचे आणि संध्याकाळी आले की चहा पिऊन पत्रकं काढायला बसायचे. मी पाटीवर अक्षरं कमी गिरवली, पत्रकांवर जास्त. सायक्लोस्टाइलच्या शाईचा वास, ओल्या कागदांचे गठ्ठे, घड्या घालून घालून बोटांना लागलेलं काळं, हे माझं बालपण. शाळेत "माझा आवडता ऋतू" हा निबंध मी "बंधू आणि भगिनींनो" असा सुरू केला होता आणि शेवटी तीन उद्गारचिन्हं दिली होती.

आईला पत्रकं वाचता यायची, पण हळू. ती निफाडकडची. तिचं शिक्षण कांद्याच्या वाफ्यात झालं. लहानपणापासून आजीबरोबर दुसऱ्यांच्या शेतात लावणीला जायची. घोटाभर चिखल, कमरेतून वाकलेलं अंग, डाव्या हातात रोपांची मूठ, आणि उजव्या हाताचा अंगठा एकसारखा मातीत. एक रोप, एक अंगठा. त्या अंगठ्याचं नख कायमचं जाड आणि पिवळसर झालं होतं. कांदा निघाला की काढणीलाही तीच असायची आणि पात कापायलाही. घरी मात्र यायचा तो फुटका, नासका, मालकानं बाजूला टाकलेला.

गंगापूर रोडच्या घरात आल्यावर तिनं सगळ्यात आधी खोल्या पाहिल्या नाहीत. ती पट्टी पाहिली. चपला काढून आत उतरली, मूठभर माती उचलून दाबली आणि म्हणाली, "धरतीय."

आश्विनात ती माहेरी गेली आणि ओल्या पोत्यात गुंडाळून रोप घेऊन आली. सुतळी बांधून सरळ रेषा धरली आणि चार हात रुंद, बारा हात लांब असा वाफा लावला. मी मदतीला गेले, तर माझी रोपं सगळी आडवी पडली. ती म्हणाली, "तू घोषणा दे. मी लावते."

दिवाळीपर्यंत पात वीतभर झाली. सकाळच्या थंडीत प्रत्येक पातीच्या टोकाला दवाचा एक थेंब. मला भाजी पाहिजे होती, पीठ पेरून केलेली. आई एक काडी तोडू द्यायची नाही. "पात घेतली की गड्डा धरत नाय. मला गड्डा पायजे. आपल्या वाफ्यातला आख्खा कांदा बुक्कीनं फोडून खायचाय मला, भाकरीसंगं. एकदा तरी." हे ती अशा आवाजात म्हणायची, की बाबासुद्धा पत्रकातून डोकं वर काढायचे.

या सगळ्याला पाणी लागायचं. नळाला पाणी सकाळी तासभर, ते पिण्यापुरतं. आमच्या न्हाणीचं पाणी उताराला, थेट रस्त्याच्या गटारात जायचं. शेजाऱ्यांच्या न्हाणीचं मात्र एका छोट्या पाटानं आमच्या वाफ्याच्या डोक्याशी यायचं. तो पाट आमच्या आधीपासून तसाच होता. आईनं फक्त त्याला वाफ्यात वाट करून दिली. शेजारी म्हणजे शेवाळेकाकू आणि शेवाळे सर. सर हायस्कुलात मराठी शिकवायचे. काकू बागलाणातल्या, शेतकऱ्याच्या घरातल्या, आवाजाला खणखणीत. आईला त्या "सुजाताची आई" म्हणायच्या, आई त्यांना "वैनी". श्रावण-भादव्यात दोघींचं बरं चाललं होतं. रोप लागलं तेव्हा काकू पट्टीच्या कडेला उभं राहून सांगायच्या, "एवढं खोल नका लावू, कुजंल." आई म्हणायची, "वैनी, मी लावलेला कांदा आजवर कुजला नाय." दोघी हसायच्या.

दिवाळीनंतर एका दुपारी बाबांची ताजी पत्रकं मी दारात वाळत घातली आणि वर दगड ठेवायला विसरले. वाऱ्यानं ती शेजारच्या अंगणात गेली. काकूंनी ती गोळा केली, व्यवस्थित एकावर एक ठेवली आणि आणून दिली. देताना वरच्या 'बौद्ध बंधू-भगिनींनो'वर बोट ठेवून म्हणाल्या, "तुम्ही यांच्यातले का?"

"हो," मी म्हणाले. मला फार अभिमान वाटला.

चौथ्या दिवशी पाट वळला. वाफ्याच्या डोक्याशी मातीचा बांध पडला आणि न्हाणीचं पाणी त्यांच्याच भिंतीकडे, आळूत जायला लागलं. आई विचारायला गेली, तर काकू दारातूनच म्हणाल्या, "आळूला पाणी पायजे ना." आळू आधीपासूनच छत्रीएवढा होता. आणि त्या दिवसापासून "सुजाताची आई" ही हाक बंद झाली.

खरंच आळूसाठी होतं, की पत्रकासाठी? बाबा म्हणाले, पुराव्याशिवाय आरोप करायचा नाही. मी तेरा वर्षांची होते आणि मला पुरावा लागत नव्हता. वहीचं मधलं पान काढलं, मोठ्या अक्षरांत पत्रक लिहिलं, खळ शिजवली आणि दोन्ही घरांच्या बाहेरच्या सामाईक भिंतीवर ते चिकटवलं. मथळा होता, "पाणि कोणाच्या बापाचे?" खाली शेजार धर्माचे ढोंग, बहुजनांची फसवणूक, धीक्कार असो, सगळं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते पान आमच्या दाराखालून आत सरकवलेलं सापडलं. लाल शाईनं तपासलेलं. "शेजारधर्म" जोडून लिहावा. "धीक्कार" नव्हे, "धिक्कार". आणि मथळ्याशेजारी समासात बारीक, सुंदर अक्षरांत: "पाणि म्हणजे हात. पाणी म्हणजे जल." खाली शेरा: "विचार ठाम आहेत. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे."

बाबा इतके हसले की त्यांची बस चुकायची वेळ आली. मी रडले. बाबा जाता जाता म्हणाले, "अगं, नीट बघ. सरांनी ऱ्हस्व-दीर्घ काढलंय. मुद्द्याला एक लाल रेघ नाही. म्हणजे मुद्दा पास." पण पास होऊन काय उपयोग? पाणी आळूतच जात होतं.

त्या महिन्यात मी आईला पाहत होते. भिंतीवर काही न चिकटवता माणूस कसा लढतो, ते. तांदळाचं धुवण, डाळीचं धुवण, भाजी धुतलेलं पाणी, माठातलं कालचं पाणी, सगळं एका डालड्याच्या डब्यात जमा व्हायचं. संध्याकाळी ती डबा घेऊन वाफ्यात बसायची आणि वाटीनं एकेका रोपाच्या बुडाशी पाणी द्यायची. लहान पोराला पाजतात तसं. डबा संपायचा तेव्हा निम्मा वाफा कोरडाच असायचा. दुसऱ्या दिवशी त्या कोरड्या अर्ध्याची पाळी. पातीची टोकं पिवळी पडायला लागली होती. आई मला एवढंच म्हणाली, "मरायचं नाय असं ठरवलं, की कांदा लय दिवस काढतो."

आणि सट आली.

सकाळी दहाच्या सुमाराला भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला. चिडल्या की त्यांची बागलाणी बाहेर पडायची. "अहो, हाई काय शे? हाई तर लसूणनी पात शे!"

"तू पात म्हणालीस. मी पात आणली," सरांचा शांत आवाज.

"अहो, चपटी हाय ना ही! कांद्याची पोकळ राहती, नळीवानी! पोरान्ला मराठी शिकवता, आन् तुम्हाला कांदा-लसूण कोन शिकवनार?"

"मी परत जातो पंचवटीत."

"जाऊन येस्तोवर दुपार टळंल. रोडगे भाजून झाले, वांगी भाजून झाली. देव थांबंल का?"

मी भिंतीला कान लावून हसत होते. लाल शाईचा असा सूड निसर्गानंच घेतला होता. मग आवाज थांबला, आणि थोड्या वेळानं काकू पट्टीच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. हिरवं नऊवारी, कपाळावर भंडारा. महिन्यानं त्यांनी हाक मारली.

"सुजाताची आई, पाच काड्या पात देता का? गड्ड्यासकट लागती. सटीला."

आई वाफ्यातच होती. मी दारातून ओरडले, "आधी पाणी सोडा!"

"आगं माझी बाई," काकू म्हणाल्या, "ते पत्रक तूच लिवलं व्हतं ना?"

"सुजे, आत जा," आई म्हणाली. मी गेले नाही.

आई काकूंकडे बघून म्हणाली, "न्हाणीच्या पाण्यावरची पात देवाला चालत नसंल, वैनी. पण काळजी करू नका. महिना झाला, एक थेंब न्हाणीचं पोचलं नाय याला. नुसत्या तांदळाच्या धुवणावर वाढलीय. लय सोवळी पात हाय."

काकूंचा चेहरा भंडाऱ्याखाली लाल झाला. पण त्या गेल्या नाहीत. उभ्याच राहिल्या.

मी असते तर कडेची पिवळी पडलेली पाच रोपं दिली असती. आई मधल्या ओळीत गेली, उकिडवी बसली आणि सगळ्यात जाड, सगळ्यात हिरवी पाच शोधली. ज्यांच्या बुडाशी गड्डा सुपारीएवढा झाला होता ती. बुडाशी धरून, हलवून, एकेक उपटलं. माती झटकली. ओळीत पाच भोकं पडली. काकूंनी पात घेतली, आपल्या दारातल्या पिंपाशी नेली. मी मोजलं नाही, पण बराच वेळ धुतली.

"बघ, धुतीय कशी," मी आईला म्हणाले. "आपला हात लागला म्हणून."

"मातीची व्हती. तू काय मातीसकट खाती का?"

"एवढा वेळ?"

आई पडलेल्या भोकांत माती ढकलत राहिली. तिलाही वाटलं असेल. ती कधीच म्हणाली नाही.

पण मी तिथंच सोडणार नव्हते. "देवाच्या नैवेद्याला आपली पात? आपण देव मानत नाही ना?"

"देव त्यांचा. पात माझी."

"मग निदान अट तरी घालायची! पाणी सोडा, मग पात. आयती सापडली होती कात्रीत!"

आईनं हात पदराला पुसले. त्या वेळी ती जे बोलली ते मला कळायला पुढे बरीच वर्षं लागली. "पातीच्या बदल्यात पाणी घेतलं, तर पात संपली की पाणी संपंल. मला बदल्यात नको. मला माझं पायजे."

आज टेबलावर पातीशेजारी जे कागद आहेत, ते एका वस्तीच्या नळांचे आहेत. गेली दोन वर्षं आम्ही काही जण त्या वस्तीत जातो. आता वरून निरोप आलाय: नळ देऊ, पण मोर्चा मागे घ्या, आणि तसं पत्रक तुम्हीच काढा. आमच्यातले काही म्हणतात, घेऊन टाकू, पाणी तर मिळतंय. ते वाईट नाहीत, थकलेले आहेत. बाया हंडे घेऊन अर्धा कोस जातात, त्यांच्यासमोर तत्त्व सांगणं मलाही जड जातं. पण मोर्चाच्या बदल्यात मिळालेला नळ पुढच्या मोर्चाच्या वेळी बंद होतो, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. हे मला वाफ्यात सांगितलं गेलं. पत्रक मी काढणार आहे. मोर्चाची वेळ आणि जागा त्यात असेल. ऱ्हस्व-दीर्घ मी स्वतः तपासीन.

तर सट. दुपारी काकू पुन्हा आल्या, या वेळी आमच्या दारात. हातात ताट, त्यात भरीत आणि रोडगा, वर पातीचे बारीक कातरलेले हिरवे तुकडे. आमचेच.

आईनं ताट लगेच घेतलं नाही. "वैनी, परसाद म्हणून देताय का भरीत म्हणून?"

काकू गोंधळल्या. हा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारला नसणार. ताटाकडे बघितलं, आईकडे बघितलं, दारातून दिसणाऱ्या बुद्धाच्या तसबिरीकडे बघितलं. "भरीत म्हणून," त्या म्हणाल्या.

"मग आणा."

भरीत फार चांगलं होतं, हे मला त्या रागातही मान्य करावं लागलं. कोळशावर भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास, आणि मधेच दाताखाली पात. आईनं पहिला घास घेतला आणि क्षणभर डोळे मिटले. तिच्या वाफ्यातला कांदा पहिल्यांदा तिच्या तोंडात गेला होता. गड्डा म्हणून नाही, बुक्कीनं फोडून नाही, पण गेला.

रिकामं ताट परत करत नाहीत. आई पुन्हा वाफ्यात गेली, मूठभर पात कापली आणि पीठ पेरून भाजी केली. मी ज्या भाजीसाठी महिनाभर हट्ट धरला होता, ती पहिल्यांदा झाली ती काकूंच्या ताटासाठी. शिजवलेलं अन्न. आमच्या चुलीवरचं. मला ताट द्यायला पाठवलं तेव्हा मी म्हणाले, "मी तिथेच थांबते. खातात का बघते."

"थांबायचं नाय. दिलं की दिलं. लोकांच्या तोंडाकडं बघत बसायचं नाय."

म्हणून मी ताट दिलं आणि परत आले. ती भाजी काकूंनी खाल्ली की गाईला घातली, हे आम्हाला कधीच कळलं नाही. ताट मात्र संध्याकाळी घासून आमच्या ओट्यावर आलं होतं.

बाबा ओझरहून आले आणि सगळं ऐकून गंभीर झाले. "नैवेद्याला द्यायला नको होतं. आपण प्रतिज्ञा घेतलीय."

आई भाकरी थापत होती. थांबली नाही. "देव मानणार नाय, अशी परतिज्ञा घेतलीय मी. शेजारीण मानणार नाय, अशी नाय घेतली."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी बाबांकडे. आमच्या दोघांकडे मिळून हजार पत्रकं असतील. त्यांतल्या एकातही हे वाक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सर शाळेत जायच्या आधी, आईनं फावडं उचललं. मी मागे. ती पाटाच्या कडेकडेनं चालत काकूंच्या न्हाणीच्या दाराशी गेली. काकू भांडी घासत बसल्या होत्या.

"वैनी, कालचं भरीत लय चांगलं झालं व्हतं."

"व्हय? तिखट नाय ना लागलं?"

"नाय. आता पाण्याचं बोलायला आले."

काकूंचा हात थांबला. "कालच बोलायचं ना मग."

"काल तुम्ही मागायला आल्या व्हत्या. काल कसं बोलायचं? आज मी आले." आईनं बांधाकडे बोट केलं. "हा पाट आपल्या दोघींच्या आधीचा हाय. तुमच्या आळूला पुरून उरतं, ते भिंतीत मुरतंय. बघा, ओल चढलीय. माझा कांदा वाळतोय. निम्मं तुम्ही घ्या, निम्मं मला येऊ द्या. हे काय उपकार म्हणून नाय."

"ह्यांना विचारते," काकू म्हणाल्या.

"विचारा की. तवर मी फोडते."

आणि तिनं बांधावर फावडं घातलं. पहिल्या घावाला माती निघाली नाही, इतकी ती महिनाभरात घट्ट झाली होती. दुसऱ्याला फुटली. दारातून सर डोकावले, हातात चहाची बशी. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, पण काही विचारलं नाही. त्या राखेच्या हातांनी उठल्या, पदर खोचला आणि दोन पावलं पुढे आल्या. आई थांबली नाही, वर बघितलंही नाही.

"अवं सुजाताची आई," काकू कमरेवर हात ठेवून ओरडल्या, "तिकडून कुठं नेताय? डावीकडून घ्या, डावीकडून. उतार तिकडं हाय!"